राउटर अडकला की गल्लाही अडकतो



गुरुवारी अक्कलकोटला जाणाऱ्या भाविकांमुळे आपल्या वळसंगच्या रस्त्यावर गर्दी असते. अशाच एका गुरुवारी ऐन गर्दीत माझं बिलिंग अडकलं. राउटरचे दिवे हिरवे, पण नेट गायब! चार गिऱ्हाईकं सामान काउंटरवर ठेवून निघून गेली. आठवड्यातली ही तिसरी वेळ. मी आपला रोज बंद-चालू करायचो आणि लाइनवाल्याला बोल लावायचो.

मग लक्षात आलं, नेट गेलं की राउटरचं सेटिंगचं पानसुद्धा उघडत नाही. म्हणजे दोष लाइनचा नाही, डब्याचाच. त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, घेतल्यापासून मी एकदाही अपडेट केलं नव्हतं. अपडेट केल्यावर त्रास पूर्ण गेला नाही, पण महिन्यातून एखाद्या वेळेवर आला.

तुम्ही एवढं करा:

1. अपडेट दुकान बंद झाल्यावर, इन्व्हर्टरवर करा. मध्येच लाइट गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो.
2. राउटर नेट कंपनीचा असेल तर अपडेट त्यांच्याकडूनच करून घ्या.
3. मूळ पासवर्ड बदला. 2016 साली ‘मिराई’ने असेच लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.
4. बिलिंगच्या कॉम्प्युटरला वायर जोडा. मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

नवीन राउटर घेताना नुसती किंमत बघू नका. अपडेट किती वर्षं मिळणार, तेही विचारा. तीनशे रुपये वाचवायला जाल आणि गिऱ्हाईक घालवून बसाल!