गायकाचें वेड आणि गाण्याची आवड

शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींच्या खोलींत डोकावून पाहिलें, तर पुष्कळ घरीं भिंतीवर एखाद्या लोकप्रिय गायकाचें चित्र आढळतें. त्याचीं सर्व गाणीं मुलाला तोंडपाठ असतात. त्याची जन्मतिथि घरांतील वडील माणसांच्या जन्मतिथीपेक्षां अधिक चांगली लक्षांत असते. आणि त्याच्याविरुद्ध कोणीं एक शब्द काढला तर मुलाच्या डोळ्यांत पाणी येतें. वडील मंडळी याला वेड म्हणतात. मुलें याला निष्ठा म्हणतात. दोघेही आपापल्या परीनें खरें बोलत असतात. परंतु हें वेड कोठून येतें, तें काय घडवितें आणि काय बिघडवितें, याचा शांतपणें विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखांत तो विचार एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारें करावयाचा आहे. तें उदाहरण म्हणजे इंग्लंडांतील "बीटल्स" या नांवानें गाजलेल्या चौघां गायकवादकांचें. उदाहरण जुनें घेतलें कीं आपला गायक श्रेष्ठ कीं दुसऱ्याचा, हा वाद उपस्थित होत नाहीं आणि मूळ विषयाकडे लक्ष राहतें.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. "फॅन" हा शब्द आतां मराठींत चांगला रुळला आहे. तो "फॅनॅटिक" या इंग्रजी शब्दाचा संक्षेप मानला जातो, आणि त्याचें मूळ "फानुम" या लॅटिन शब्दांत आहे. फानुम म्हणजे देवालय. देवालयाशीं संबद्ध, दैवी संचारानें भारलेला, असा त्या शब्दाचा आरंभींचा अर्थ. म्हणजे ज्याला आपण भक्त म्हणतों आणि ज्याला अंगांत आलेला म्हणतों, ते दोघेही या एका शब्दांत सामावले आहेत. पुढील विवेचनांत हे दोन अर्थ वाचकांनीं ध्यानांत ठेवावे.

ही वृत्ति आजकालची नव्हे. फ्रान्झ लिस्ट हा थोर पियानोवादक सन १८४१-४२ च्या हिवाळ्यांत बर्लिन येथें वादन करूं लागला, तेव्हां श्रोत्यांची अशी कांहीं अवस्था झाली कीं पुढें सन १८४४ मध्यें हाइने या जर्मन कवीनें तिला "लिस्टोमानिया" असें नांवच दिलें. आपल्या महाराष्ट्रांतही बालगंधर्वांचीं पदें घरोघर गुणगुणलीं जात, आणि रंगभूमीवरील त्यांच्या स्त्रीवेषाचें अनुकरण घरंदाज स्त्रियाही करीत. तात्पर्य, वाद्यें बदलतात, वेष बदलतो. पण भारावून जाण्याचा मनुष्यस्वभाव तोच राहतो.

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे चौघेही लिव्हरपूल या बंदराच्या शहरांतले. चौघांचाही जन्म सन १९४० ते १९४३ या युद्धकाळांतला. त्यांची कीर्ति एका रात्रींत झाली अशी समजूत आहे, ती खरी नव्हे. रिंगो स्टार येऊन मिळण्यापूर्वीं, सन १९६० पासून, हा वृंद जर्मनींतील हांबुर्ग शहरीं जाऊन रात्रीं तासन् तास गात असे. लिव्हरपूलमधील कॅव्हर्न नांवाच्या तळघरवजा जागेंत त्यांनीं शेंकडों वेळां वादन केलें. सन १९६२ च्या पहिल्याच दिवशीं लंडनच्या डेक्का कंपनीनें त्यांची परीक्षा घेतली आणि पुढें त्यांना नाकारलें. त्यानंतर वर्षभरानें, दिनांक ११ फेब्रुवारी १९६३ रोजीं, त्यांनीं एकाच दिवसांत आपल्या पहिल्या मोठ्या तबकडीसाठीं दहा गाणीं ध्वनिमुद्रित केलीं. एका दिवसांत दहा गाणीं होऊं शकलीं, तीं मागील दोन-अडीच वर्षांच्या रात्रीं जागून केलेल्या मेहनतीमुळें. भक्ताच्या दृष्टीस बहुधा यश तेवढें पडतें. त्यामागील हा काळ पडत नाहीं.

सन १९६३ च्या शरद ऋतूंत इंग्लंडांतील वर्तमानपत्रांनीं "बीटलमेनिया" हा शब्द रूढ केला. दिनांक ७ फेब्रुवारी १९६४ रोजीं हे चौघे न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरले, तेव्हां सुमारें ३,००० तरुण मुलेंमुली त्यांची वाट पाहत होतीं. दोन दिवसांनीं एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत ते गायले, तो कार्यक्रम सुमारें ७ कोटि ३० लक्ष लोकांनीं पाहिला. त्याच वर्षीं जूनमध्यें ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड शहरीं त्यांना पाहण्यासाठीं सुमारें ३ लक्ष माणसें रस्त्यांवर लोटलीं.

असें कां व्हावें? बाह्य कारणें पाहिलीं तर तीं सोपीं आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेलीं असंख्य मुलें याच सुमारास तेरा-चौदा वर्षांचीं झालीं होतीं. त्यांच्या हातीं थोडा पैसा खुळखुळूं लागला होता. खिशांत मावणारा रेडिओ निघाल्यामुळें घरांतील वडील माणसांच्या नकळत, अंथरुणांत पडल्या पडल्या गाणें ऐकण्याची सोय झाली होती. दोन गाण्यांची लहान तबकडी स्वस्तांत मिळत होती. आणि दूरचित्रवाणीमुळें गायकाचा चेहरा घरोघर जाऊन पोंचला होता.

पण खरें कारण आंतलें आहे. तेरा ते अठरा हें वय मोठें अडचणीचें. या वयांत मूल आईबापांच्या छायेतून बाहेर पाऊल टाकूं पाहतें, पण स्वतः कोण आहों हें अद्यापि त्याला उमगलेलें नसतें. मनांत पुष्कळ कांहीं दाटतें. बोलावयास शब्द नसतात. अशा वेळीं दूर देशींचा कोणी गायक नेमकें तेंच सुरांत सांगतो, आणि मुलाला वाटतें, मला ओळखणारा कोणी तरी आहे. शिवाय त्याच गायकावर प्रेम करणारा दुसरा मुलगा भेटला कीं क्षणांत मैत्री जमते. एकाकी वयांत हा आधार लहान नव्हे. म्हणूनच मुलाच्या आवडत्या गायकाची थट्टा केली असतां त्याला ती स्वतःची थट्टा वाटते. पालकांना हें समजलें तर घरोघरचे निम्मे कलह मिटतील.

या भक्तीचीं गोड फळेंही आहेत. बीटल्सच्या भक्तमंडळाचें काम लिव्हरपूलची फ्रेडा केली ही तरुणी पाहत असे. पत्रें आपल्या घरच्या पत्त्यावर पाठवा असें तिनें भाबडेपणानें कळविलें, आणि तिच्या वडिलांच्या दारीं टपालाचा पूर लोटला. एका मुलीनें उशीची खोळ पाठवून रिंगोनें तिच्यावर एक रात्र झोंपावें अशी विनंति केली, तर फ्रेडानें ती खोळ रिंगोच्या आईकडे नेऊन तसें करवून घेतलें. सन १९६३ पासून सन १९६९ पर्यंत दरवर्षीं नाताळांत मंडळाच्या सभासदांना चौघांच्या आवाजांतील शुभेच्छांची एक खास तबकडी भेट म्हणून जात असे. सन १९७२ मध्यें मंडळ बंद झालें. पण आपल्या ओळखीचा बाजार फ्रेडानें कधीं मांडला नाहीं. निष्ठा या शब्दाला शोभेल असें हें वर्तन आहे.

भक्तांच्या बळाचा सदुपयोगही होऊं शकतो. सन १९६४ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील जॅक्सनव्हिल गांवीं गोऱ्या व काळ्या श्रोत्यांना वेगवेगळें बसवावयाचें असेल तर आम्ही गाणार नाहीं, असें या चौघांनीं सांगितलें. आणि तो कार्यक्रम भेदभावाविना पार पडला. ज्यांच्यामागें हजारों लोक आहेत अशांच्या शब्दाला तेवढें वजन असतें.

आतां दुसरी बाजू. जॉर्ज हॅरिसनला एक मऊ मिठाई आवडते असें प्रसिद्ध झालें मात्र, भक्तांनीं रंगमंचावर तिचा वर्षाव सुरू केला. अमेरिकेंत त्या जातीची मिठाई कठीण असते. ती गोळ्यांसारखी अंगावर आदळूं लागली. प्रेमानें फेंकलेल्या वस्तूनेंही जखम होते, हें फेंकणाऱ्यांच्या गांवींही नव्हतें. दिनांक १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५,००० हून अधिक श्रोते जमले होते. त्यांच्या किंकाळ्यांचा कल्लोळ एवढा झाला कीं त्या काळच्या ध्वनिवर्धकांतून गाणें श्रोत्यांना नीट ऐकूं येईना, आणि गाणारांनाही स्वतःचा आवाज कळेना. ज्या गाण्यासाठीं लोक जमले, तें गाणेंच त्यांच्या प्रेमाखालीं बुडून गेलें. दिनांक २९ ऑगस्ट १९६६ रोजीं सॅनफ्रॅन्सिस्को येथें गाऊन त्यांनीं असे दौरे कायमचे थांबविले. त्याच्या अनेक कारणांपैकीं हें एक मोठें कारण होतें. त्यानंतर ध्वनिमुद्रणगृहाच्या शांततेंत महिनोन् महिने बसून त्यांनीं जें काम केलें, तें त्यांच्या उत्तम कृतींत गणलें जातें.

याच सुमारास या कथेचा धागा आपल्या मुंबईशीं जुळतो. सन १९६६ च्या सप्टेंबरांत जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकर यांच्यापाशीं सतार शिकण्यासाठीं मुंबईस आला. कोणीं ओळखूं नये म्हणून त्यानें मिशी वाढविली होती आणि ताजमहाल हॉटेलांत दुसऱ्याच नांवानें तो उतरला होता. तथापि गुपित फुटलें, हॉटेलापुढें तरुणांची गर्दी जमली, आणि अखेर गुरुशिष्यांना काश्मीरचा रस्ता धरावा लागला. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. खिडकीखालीं उभे राहून नांवाचा पुकारा करणारे भक्त होते, आणि आंत जमिनीवर बसून सतारीचे पहिले पाठ गिरविणारा हॅरिसन हाही एक भक्तच होता. दोहोंत काय अंतर आहे तें सांगावयास नको.

पुढें सन १९७१ च्या १ ऑगस्टला बांगला देशांतील निर्वासितांच्या साहाय्यासाठीं हॅरिसन व रविशंकर यांनीं न्यूयॉर्क येथें मोठे जलसे केले. आरंभीं रविशंकर, अली अकबर खां, अल्ला रखा आणि कमला चक्रवर्ती यांनीं आपलीं वाद्यें सुरांत लाविलीं. वाद्यें जुळवून होतांच श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला! आमचें वाद्यें जुळविणेंच आपणांस एवढें आवडलें, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचे शब्द रविशंकरांनीं हंसत उद्गारले. त्या श्रोत्यांचा भाव शुद्ध होता. ते पैसे देऊन सत्कार्यास आले होते. उणीव होती ती कानाच्या शिक्षणाची.

भाव शुद्ध असला तरी विवेक सुटला तर काय होतें, याचींही उदाहरणें आहेत. सन १९६६ मध्यें जॉन लेननच्या ख्रिस्ती धर्माविषयींच्या एका विधानावरून अमेरिकेंतील कांहीं भागांत क्षोभ उसळला, आणि ज्या तबकड्या लोकांनीं हौसेनें विकत घेतल्या होत्या त्याच त्यांनीं चौकांत आणून जाळल्या. अतिस्तुतीचें रूपांतर अतिद्वेषांत होण्यास वेळ लागत नाहीं. सन १९८० च्या ८ डिसेंबरला तर लेननचा न्यूयॉर्कमध्यें खून झाला. आणि खुनी मनुष्यानें त्याच सायंकाळीं त्याच्यापुढें तबकडीचें वेष्टन धरून त्यावर त्याची सही घेतली होती. एका बिघडलेल्या मनाच्या माणसावरून कोट्यवधि रसिकांची परीक्षा करणें अन्यायाचें होईल. दिनांक १४ डिसेंबर रोजीं न्यूयॉर्कच्या उद्यानांत प्रचंड जनसमुदाय दहा मिनिटें निःशब्द उभा राहिला, तेही त्याचे भक्तच होते. परंतु दुसऱ्या मनुष्याला आपली मालमत्ता समजूं नये, हा धडा त्या घटनेंतून घ्यावाच लागतो.

व्यवहाराचीही एक गोष्ट मुलांनीं जाणून ठेवावी. बीटल्सच्या नांवाचे केसांचे टोप, बाहुल्या, कपडे असे नाना पदार्थ अमेरिकेंत खपले. आरंभींच्या करारानुसार त्यांच्या परवान्याच्या उत्पन्नापैकीं शेंकडा ९० भाग मध्यस्थ कंपनीस आणि शेंकडा १० भाग बीटल्सच्या बाजूस जावयाचा होता. मुलें समजत कीं आपला पैसा आपल्या आवडत्या गायकाकडे जात आहे. तो बहुतांशीं व्यापाऱ्याच्या पेटींत जात होता. भक्तीभोंवतीं बाजार नेहमींच भरतो. गाणें कोठें संपतें आणि दुकान कोठें सुरू होतें, हें ओळखावयास शिकलें पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमची आवड सोडा असें सांगण्याचा येथें हेतु नाहीं. तिची परीक्षा मात्र तुम्हीं स्वतः घ्यावी. या गायकामुळें तुमचा कान अधिक तिखट झाला काय? गाण्यांत कोणतीं वाद्यें वाजतात, शब्द कोणाचे, चाल कोणाची, हें तुम्हांला सांगतां येतें काय? त्याचें एखादें गाणें साधारणच आहे असें प्रामाणिकपणें म्हणण्याचें धैर्य तुमच्यापाशीं आहे काय? दुसऱ्या गायकावर प्रेम करणाऱ्या सोबत्याशीं तुम्ही सभ्यपणें बोलूं शकतां काय? या प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी आलीं तर तुमचें वेड हें वेड राहिलें नसून रसिकता झाली आहे असें समजा. उत्तरें नकारार्थी आलीं तर खिन्न होऊं नका. हॅरिसननें केलें तें करा. म्हणजे वाद्य हातीं घ्या, गुरूपुढें बसा, आणि एक सूर तरी खरा लावावयास शिका.

आणि पालकांना एवढीच विनंति कीं, भिंतीवरील चित्र फाडण्यापूर्वीं मुलाजवळ दहा मिनिटें बसून तें गाणें ऐकावें आणि "यांत तुला काय आवडतें?" असें विचारावें. त्या उत्तरांत गायकाविषयीं थोडें आणि आपल्या मुलाविषयीं पुष्कळ कळेल. चित्र कालांतरानें भिंतीवरून आपोआप उतरतें. पण त्या वयांत आपलें ऐकून घेणारें माणूस घरींच होतें, ही आठवण मुलाच्या मनांतून जन्मभर जात नाहीं.