जुन्या पिकअपची चारही चाके कशी जोडली जातात

टेक्ससमधील फ्रिस्को गावी बर्फ वरचेवर पडत नाही. पडला तर रस्त्यावर काचेसारखा थर धरून बसतो. 16 फेब्रुवारी 2021 रोजी जवळच्या डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर पारा उणे 19 सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा दिवशी दारात उभी असलेली जुनी पिकअप सर्वांना आठवते, कारण ती 'अर्बा अल अर्बा' आहे. पण दांडा ओढला म्हणजे चारही चाके ओढू लागली असे नव्हे. तो दांडा नेमके काय करतो, ते येथे सांगत आहोत.

एरवी गिअरबॉक्समधून निघालेली शक्ती फक्त मागच्या चाकांना जाते. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची दुसरी पेटी असते. मोठ्या गिअरशेजारचा छोटा दांडा या पेटीचा. तो 'फोर-एच'वर नेला की आतली एक दातेरी कडी सरकते आणि पुढे जाणारा दांडा मागच्या दांड्याशी घट्ट जोडला जातो. 'फोर-एल'मध्ये हीच जोडणी राहते. शिवाय चाकांचा वेग दोन ते पावणेतीन पट कमी होतो व जोर तेवढा वाढतो. चिखलातून गाडी काढायला किंवा उभ्या चढाला ते हवे. बर्फाच्या सपाट रस्त्यावर त्याचे काही काम नाही.

एवढ्यावर काम संपत नाही. पुढची चाके अजून मोकळीच असू शकतात. 1941 च्या विलीज जीपमध्ये पुढचे सगळे दांडे चाकांबरोबर कायम फिरत असत, त्यात पेट्रोल जाई आणि झीजही होई. (महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत जोडलेल्या जीप याच घराण्यातल्या, कुलाबा जिल्ह्यात त्या चालवलेल्या वडीलधाऱ्यांना तो छोटा दांडा चांगला ठाऊक असेल.) 1948 मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी चाकाच्या मधोमध बसणारे, हाताने फिरवायचे हब विकायला काढले. हब 'फ्री'वर असला तर चाक एकटे फिरते, 'लॉक'वर नेला तर दांड्याशी जोडले जाते. म्हणून अशा गाडीत आधी खाली उतरून दोन्ही हब हाताने फिरवायचे, मगच आतला दांडा. हब घट्ट झाला असेल तर पक्कड लावू नये, तो मोडतो. उघडून साफ करून घ्यावा.

पुढे हे काम यंत्राकडे गेले, आणि आमच्या मते दुखणेही तिथेच सुरू झाले. नव्वदीच्या दशकातील डॉज रॅममध्ये पुढच्या आसाची जोडणी इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चाले. तिच्या रबरी नळ्या उन्हाने तडकतात, आणि टेक्ससचा उन्हाळा आपणास ठाऊकच आहे. त्याच काळातील अनेक शेवरोले पिकअपमध्ये एक छोटी डबी विजेने तापते, आतला पदार्थ फुगतो आणि खिट्टी पुढे ढकलतो. थंडीत याला अर्धा मिनिट किंवा जास्तही लागते. चालक तेवढ्यात दांडा चार वेळा मागेपुढे करतो आणि गाडी बिघडली म्हणतो! थांबावे. डॅशबोर्डवरचा दिवा पुष्कळ गाड्यांत फक्त दांडा सरकल्याचे सांगतो, चाक जोडल्याचे नव्हे.

खात्री करायची रीत सोपी आहे. ती कळण्यासाठी खळ्यावरची मळणी डोळ्यांपुढे आणा. तिवड्याभोवती फिरताना आतला बैल थोडे चालतो, बाहेरचा पुष्कळ. वळणावर गाडीच्या चाकांचेही तसेच होते. डाव्या-उजव्या चाकांतला फरक डिफरन्शियल सांभाळते, परंतु पुढच्या व मागच्या आसांमध्ये या जुन्या पिकअपना डिफरन्शियल नसते. तेव्हा खडीवर किंवा गवतावर 'फोर-एच' लावून, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी हळू चालवावी. ती अडखळत, ओढल्यासारखी चालली तर चारही चाके जोडलेली आहेत. सहज वळली तर पुढची चाके मोकळी आहेत. ही परीक्षा डिसेंबरात घ्यावी, वादळाच्या सकाळी नव्हे. महिन्यातून एकदा अशाच मऊ जमिनीवर थोडे अंतर चालवले तर आतले तेलही सगळीकडे फिरते.

याच कारणाने कोरड्या डांबरावर 'फोर-एच' लावू नये. घसरायला जागा नसल्याने दांड्यांत पीळ भरतो आणि मग छोटा दांडा 'टू-एच'वर यायलाच नकार देतो. तसे झाले तर जोर करू नये. स्टिअरिंग सरळ ठेवून काही मीटर मागे जावे, पीळ सुटतो. आपोआप जोडले जाणारे हबही बहुधा असे मागे गेल्यावरच मोकळे होतात.

ब्रेकचे मात्र वेगळे. ब्रेक दोन चाकांच्या गाडीतही चारही चाकांना असतात, त्यामुळे चार चाके ओढू लागल्याने गाडी लवकर थांबत नाही. 11 फेब्रुवारी 2021 च्या पहाटे फोर्ट वर्थच्या महामार्गावर बर्फाच्या पातळ थरावर 130 हून अधिक वाहने एकमेकांवर आदळली आणि सहा माणसे गेली. 'फोर-एच'मध्ये गाडी सुरेख निघते, म्हणून चालकाला रस्ता निसरडा आहे हेच कळत नाही. कळते ते ब्रेकवर पाय ठेवल्यावर. जोडणी पक्की असली तरी पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या कितीतरी पट ठेवावे, आणि पुलावर आधीच वेग कमी करावा, कारण पुलाखालून वारा वाहतो आणि बर्फ तिथे प्रथम धरतो.