गुणसूत्रे मोडून पाहणारी चाचणी

फँकोनी ॲनिमिया हा बालवयातला दुर्मीळ आनुवंशिक रक्तविकार असून त्यात अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीत रक्तपेशी तयार करणारा मऊ भाग, हळूहळू निकामी होत जातो. स्विस बालरोगतज्ज्ञ गुइडो फँकोनी यांनी १९२७ मध्ये तीन भावंडांच्या अभ्यासातून तो प्रथम नोंदवला. खुंटलेली उंची, सदोष अंगठा, कातडीवरचे कॉफीच्या रंगाचे डाग या खुणा पुष्कळ मुलांत आढळतात. पण काहींत यांपैकी एकही नसते, आणि मग त्यांचा आजार साध्या अप्लास्टिक ॲनिमियाहून वेगळा ओळखणे केवळ रक्तपेशी मोजून शक्य होत नाही.

अशा निदानाचे काम मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली एनआयआयएच ही संस्था करते, जिची सुरुवात १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून झाली. नाशिकच्या मुलाचे रक्त तेथे पाठवायचे, तर ते हेपारिनच्या नळीत, न गोठवता आणि विलंब न लावता पोचावे लागते, कारण गुणसूत्रे मोडून पाहणाऱ्या या चाचणीला जिवंत पेशीच लागतात.

प्रयोगशाळेत रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना ३७ अंश सेल्सियसला सुमारे ७२ तास वाढवतात आणि त्यांत मायटोमायसिन सी हे औषध मिसळतात, जे डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांना जखडून टाकते. निरोगी पेशी ही गाठ सोडवून घेते. फँकोनीच्या पेशीतली दुरुस्तीची यंत्रणाच सदोष असल्याने तिची गुणसूत्रे तुटतात आणि तुटलेली टोके भलत्याच जागी जुळून चौरस्त्यासारख्या आकृती दिसू लागतात. गिम्सा रंगाने रंगवलेल्या काचपट्टीवर हे भंग एकेका पेशीत मोजावे लागतात, आणि सोबत निरोगी व्यक्तीच्या पेशीही त्याच रीतीने तपासल्या नाहीत, तर त्या मोजणीला काहीच अर्थ उरत नाही.

खरी कसोटी लागते ती मिश्र रक्ताच्या मुलांत. काही रुग्णांच्या रक्तात एखाद्या पेशीतला दोष आपोआप दुरुस्त होऊन तिचा वंश वाढतो, त्यामुळे निष्कर्ष फसवा निघू शकतो. तेव्हा त्वचेच्या पेशी वाढवून पुन्हा तपासणी करतात.

एवढा खटाटोप अत्यावश्यक आहे, कारण अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वीची औषधांची नेहमीची मात्रा या मुलांच्या जिवावर बेतू शकते आणि ती बरीच कमी करावी लागते. विकार बहुधा आईवडील दोघांकडून आलेल्या सदोष जनुकांमुळे होत असल्याने सख्ख्या भावंडालाही तो असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून मज्जा देऊ पाहणारे भावंड कितीही धडधाकट दिसले, तरी त्याच्या पेशींनाही याच चाचणीतून जावे लागते.