बोर्डो मारताय? आधी तांब्याचा हिशोब मांडा



गेल्या हंगामात दादरच्या आपल्या स्टॉलवर एका मावशींनी पेटी उघडली. घडावर निळसर-पांढरे डाग दिसले, तशी पेटी परत ठेवली. "हे कसलं औषध?" आपला सभासद म्हणाला, "बोर्डो आहे मावशी, सेंद्रियमध्ये पण चालतं." मावशी काही न घेता गेल्या. सभासदाचं बोलणं खरं होतं, पण अर्धं. फळछाटणी तोंडावर आहे, म्हणून उरलेलं अर्धं आज सांगतो.

*बोर्डो आलं कुठून?*
फ्रान्समधल्या बोर्डो या वाइन द्राक्षाच्या भागातून. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून केवडा (डाऊनी) तिथे पोहोचला आणि बागांची पानं गळू लागली. काही शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. नेमक्या त्याच वेलींची पानं टिकली. हे प्राध्यापक मिलार्दे यांनी पाहिलं, प्रयोग केले आणि १८८५ मध्ये माहिती छापली. तेच मिश्रण आज आपल्या बागेत आहे.

*त्यांचा दुसरा धडा*
तांबं कुजत नाही, उडून जात नाही. पानावरून धुऊन आलेलं तांबं वरच्या वीतभर मातीत साठत जातं. प्रमाण वाढलं की गांडुळं कमी होतात, पांढऱ्या मुळीला त्रास होतो. फ्रान्सच्या जुन्या बागांत हे शंभर वर्षांत दिसलं. म्हणून युरोपने २०१९ पासून मर्यादा घातली: ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो. एकराला साधारण १.६ किलो. सेंद्रिय बागांनाही हीच मर्यादा. आपल्या देशातल्या विक्रीला हा नियम लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून चांगला आहे.

*आपला हिशोब (एकरी ४०० लिटर पाणी धरून)*
मोरचूदात साधारण २५ टक्के तांबं असतं.
- बोर्डो ०.५ टक्के: मोरचूद २ किलो, तांबं ५०० ग्रॅम
- बोर्डो १ टक्का: मोरचूद ४ किलो, तांबं १ किलो
- कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, लिटरला २.५ ग्रॅम: तांबं ५०० ग्रॅम

म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या ३ फवारण्यांतच दीड किलो झालं. १ टक्क्याच्या २ मारल्या तर मर्यादा ओलांडली.

तिकडचं वेळापत्रक मात्र जसंच्या तसं उचलू नका. त्यांची वेल हिवाळ्यात झोपते, छाटणी एकच. आपल्या दोन छाटण्या, आणि भर पावसात वेलीवर पानं. म्हणून हिशोब खरडछाटणीपासून काढणीपर्यंत एकाच वहीत ठेवा.

*काय करायचं?*
१. बोर्डो पाऊस यायच्या आधी मारा. ते पानावर राहून संरक्षण करतं. रोग पानात शिरल्यावर उपयोग नाही.
२. सगळ्यात जास्त फायदा पावसाळ्यात, काडी पिकत असताना जुनी पानं टिकवायला. कोवळ्या फुटीवर तीव्र बोर्डो मारू नका, पानं करपतात.
३. मोरचूद आणि कळीचा चुना वेगवेगळ्या प्लास्टिक ड्रममध्ये विरघळवा, मग दोन्ही एकत्र ओतत ढवळा. स्वच्छ विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवा. तांबूस थर आला तर चुना वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा, दुसरं औषध त्यात घालू नका.
४. घडात मणी वाढू लागले की बोर्डो बंद. डागाळलेला माल गिरगाव-दादरला कोणी घेत नाही. वाइनरीला माल देणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळा. तांबं रसात उतरलं तर आंबवण अडखळू शकते आणि सोव्हिन्यॉं ब्लाँसारख्या जातीचा वास मारला जातो.
५. विरळणी वेळेवर करा, छाटणीनंतरची रोगट पानं बागेबाहेर काढा. हवा खेळली की एखादी फवारणी आपोआप वाचते.
६. यंदा माती तपासताना सूक्ष्म अन्नद्रव्यांत तांबं जरूर मागा.

आणि एक. बोर्डो मारलं म्हणून बाग सेंद्रिय होत नाही. प्रमाणपत्रासाठी द्राक्षासारख्या बहुवर्षीय पिकाला ३ वर्षांचा रूपांतर काळ लागतो. प्रमाणपत्र नसेल तर पेटीवर 'सेंद्रिय' लिहू नका. गिऱ्हाइकाने विचारलं तर वही उघडून दाखवा: काय मारलं, किती मारलं, कधी थांबवलं. मावशींना तेच उत्तर हवं होतं.

खरडछाटणीपासून आजपर्यंत तुमच्या बागेत एकरी किती तांबं गेलं? वरच्या हिशोबाने काढा आणि आकडा याच नंबरवर पाठवा. दीड किलोच्या वर असेल तर पुढच्या फवारण्यांचं नियोजन आपण मिळून करू.

आपला,
कृषी सल्लागार