गोळीचा धोका कशाशी तोलायचा?

10 हजारांत 72 आणि 10 हजारांत 90. अमेरिकेतल्या साडेनऊ लाख गर्भारपणांच्या नोंदींतून 2014 साली हे आकडे पुढे आले. नैराश्यावरचं औषध न घेतलेल्या मातांच्या बाळांमधले हृदयदोष 72, पहिल्या तिमाहीत घेतलेल्यांच्या बाळांमधले 90. एवढंच ऐकलं तर घरातली थोरली माणसं ‘बंद कर ती गोळी’ म्हणणारच. पण गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये मूळचं नैराश्य आणि इतर आजारही जास्त होते. ते हिशेबात धरल्यावर नैराश्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या औषधांचा धोका 1.06 पट उरला, म्हणजे निव्वळ योगायोगानेही पडेल एवढाच फरक.

गोळी थांबवली तर? 2006 सालच्या एका अभ्यासातल्या 201 गर्भवती औषधावर बऱ्या होत्या. औषध चालू ठेवलेल्यांपैकी 26 टक्के जणींना आजार उलटला, थांबवलेल्यांपैकी 68 टक्के जणींना. या बायकांचा आजार जुना आणि वारंवार उलटणारा होता. सौम्य नैराश्याला हा आकडा लावू नये, तिथे समुपदेशनानेही भागतं.

औषध वारेतून बाळापर्यंत पोहोचतं, हे खरंच. जन्मानंतर अशी सुमारे 30 टक्के बाळं थरथरतात, किरकिरतात. बहुतेकांचं ते काही दिवसांत शमतं. पण आजारही बाळाला सोडत नाही. सततच्या ताणाने आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल वाढू शकतं, खाणं-झोप बिघडते. गरीब देशांतल्या अभ्यासांत नैराश्य असलेल्या मातांची बाळं कमी वजनाची जन्मण्याची शक्यता साधारण दुप्पट दिसली.

महाराष्ट्राशेजारच्या गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या 270 गर्भवतींची पाहणी केली. 2002 साली छापलेल्या निष्कर्षांनुसार बाळंतपणानंतर 6 ते 8 आठवड्यांनी 23 टक्के जणींना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या 78 टक्के जणींचा मानसिक त्रास गरोदरपणातच दिसला होता. पैशांची चणचण आणि नवऱ्याची मारहाण यांच्या जोडीला, मुलगा हवा असताना मुलगी होणं हेही कारणांत होतं. मुलगाच हवा ही ओढ आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही आकड्यांत दिसते: सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली 2001 साली 839, 2011 साली 863 होत्या. हे दडपण कुठल्याच गोळीने उतरत नाही.

प्रसूतिपूर्व तपासणीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहतात. ‘गेले पंधरा दिवस मन कशात लागत नाही का?’ हेही तिथेच विचारावं. उत्तर ‘हो’ आलं तर कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. घरून बोलायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. चालू गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नये.