क्षिप्रेच्या वरची नगरी आणि खालची नगरी

उज्जैन शहराच्या दक्षिणेस, नदी शहरात शिरण्यापूर्वीच, क्षिप्रेला दुसरी एक नदी येऊन मिळते. त्या स्थळास त्रिवेणी म्हणतात व तेथे शनिमंदिर आहे. येऊन मिळणाऱ्या नदीचे नाव कान्ह. इंग्रजी दप्तरांत ती 'खान' झाली आणि पुष्कळ वर्षे तशीच राहिली. ही कान्ह इंदूर शहराच्या मधून वाहत येते. इंदूर आणि उज्जैन यांत पन्नास-पंचावन्न किलोमीटरचे अंतर असले, तरी वरच्या नगरीने नदीत जे सोडले ते खालच्या नगरीच्या घाटास लागणार, हा निसर्गाचा साधा हिशेब आहे.

या दोन्ही नगरींचे आपणा मराठी भाषिकांशी जुने नाते आहे. राणोजी शिंदे यांनी उज्जैन आपली राजधानी केली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. इंदूर होळकरांचे. १८०१ साली यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला व त्याच वर्षी शिंद्यांच्या सैन्याने इंदूर लुटून त्याची फेड केली. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरास नेली. ते वैर आता इतिहासजमा झाले आहे. नदीचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. तो मिटविण्यासाठी साता समुद्रांपलीकडील माणसे व संस्था शंभर वर्षांहून अधिक काळ येत-जात आल्या आहेत. त्यांची हकीकत आपण खेड्यांतील कुटुंबांनीही समजून घ्यावी अशी आहे.

१९१३ साली बेल्जम देशातील घेंट येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्या निमित्ताने निरनिराळ्या देशांतील नगरांचे प्रतिनिधी एकत्र आले व नगरांची पहिली आंतरराष्ट्रीय संघटना तेथे स्थापन झाली. राजे आणि सरकारे आपसांत तह करतात, मग नगरांनी आपसांत शहाणपणाची देवघेव का करू नये, असा तिचा सरळ विचार होता. २००४ साली ती अन्य संघटनांत विलीन होऊन जी संयुक्त संघटना झाली, तिचे मुख्यालय बार्सिलोना येथे आहे. घेंटच्या त्या प्रदर्शनात नगररचनेचे नकाशे व चित्रे मांडून पारितोषिक मिळविणारे गृहस्थ होते स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस.

गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. १८५४ साली जन्मलेल्या या विद्वानाने विवाहानंतर एडिंबरो शहरातील एका गलिच्छ वस्तीत पत्नीसह बिऱ्हाड केले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताशी धरून ती वस्ती सुधारली. मद्रासच्या गव्हर्नरांच्या निमंत्रणावरून १९१४ साली ते हिंदुस्थानात आले. त्यांचे प्रदर्शन ज्या 'क्लॅन ग्रँट' जहाजातून येत होते, ते 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडविले आणि वर्षानुवर्षांचा संग्रह समुद्रतळाशी गेला. मित्रांनी नवा संग्रह जमवून पाठविला व मद्रासेस तो मांडला गेला. पुढे त्यांनी मुंबई इलाख्यातील ठाणे आणि वांद्रे या गावांविषयीही अहवाल लिहिले, ही गोष्ट आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक नसेल. १९१७ साली त्यांचा पुत्र फ्रान्समधील रणांगणावर पडला. पत्नी त्या वेळी आजारी होती. तिला ती वार्ता न कळविता गेडिस यांनी दुःख एकट्यानेच सोसले. थोड्याच दिवसांत तीही निवर्तली. इंदूरचे काम त्यांनी केले ते या आघातानंतर.

त्या वेळी इंदुरास तुकोजीराव होळकर (तिसरे) राज्य करीत होते. प्लेगाने लोक गांजले होते. हातात नकाशे घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा हा दाढीवाला साहेब दिसला की लोक भिऊन बाजूस होत. साहेब आला म्हणजे घरे पाडली जाणार, हा त्यांचा अनुभव होता. गेडिस यांच्या चरित्रकारांनी सांगितलेली पुढची कथा मोठी चित्तवेधक आहे. त्यांनी महाराजांकडून एका दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि जाहीर केले की यंदा दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. ज्या आळीने आपली घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ केले असतील त्या आळीतून ती जाईल. मग काय विचारता! घरोघर झाडलोट सुरू झाली, हजारो गाड्या केरकचरा गावाबाहेर गेला, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगाचा उंदीर होता. आणि शहराचे सफाई कामगार शुभ्र वस्त्रे लेवून, झाडूंना फुलांच्या माळा घालून मानाने चालले होते. ज्यांची सावली लोक टाळीत, त्यांना गेडिस यांनी मिरवणुकीत मानाचे स्थान दिले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या नकाशांहून हे कार्य मोठे.

१९१८ साली त्यांनी होळकर दरबारास दोन खंडांचा अहवाल सादर केला. जुनी वस्ती सरसकट पाडू नये, रोग्याची तपासणी केल्यावाचून औषध देऊ नये, विहिरी व तळी बुजवू नयेत, असे त्यांचे सांगणे होते. सांडपाण्याविषयी तर त्यांनी इंजिनियर मंडळींशी उघड वाद मांडला. सर्व मैला गटारांत ढकलण्याऐवजी तो मातीत, बागांत, मळ्यांत जावा असा त्यांचा आग्रह होता. शेतकरी घरातील वाचकाला यात नवल वाटणार नाही. उकिरड्याची किंमत त्याला कळते. पण शहराला मातीचा विसर लवकर पडतो.

मध्यंतरी इंदूर वाढले. कारखाने आले, नदीकाठी झोपडवस्त्या उभ्या राहिल्या आणि कान्ह नदी नाला झाली. १९८९ साली ब्रिटिश सरकारच्या परदेश-साहाय्य खात्याच्या पैशाने व इंदूर विकास प्राधिकरणामार्फत एक मोठी योजना हाती घेण्यात आली. तिचे सूत्रधार होते हिमांशु पारिख हे स्थापत्य अभियंता. झोपडवस्त्या बहुधा पाण्याच्या नैसर्गिक वाटांवर वसतात, तेव्हा त्याच वाटांनी मलवाहिन्या नेल्या तर वस्तीही सुधारेल आणि नदीही स्वच्छ होईल, अशी त्यांची कल्पना होती. घरोघर स्वतंत्र शौचालय, फरसबंदी रस्ते, दिवे, झाडे. १८३ वस्त्यांतील सुमारे साडेचार लाख लोकांपर्यंत ही योजना पोहोचल्याचे सांगण्यात आले. १९९३ साली तिला जागतिक आवास पुरस्कार मिळाला आणि १९९८ साली वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार.

परंतु २००२ साली नगररचनाकार गीता दिवाण वर्मा यांनी आपल्या ग्रंथात या योजनेवर कठोर टीका केली. अनेक ठिकाणी मलवाहिन्या तुंबल्या होत्या, आणि कागदावरील व्यवस्था प्रत्यक्षात चालत नव्हती. योजनेतील विचार चुकीचा होता असे मला वाटत नाही. गरिबाच्या दारापर्यंत रस्ता व शौचालय नेणे हे पुण्यकर्मच होय. पण नळ जमिनीत पुरणे निराळे आणि तो वर्षानुवर्षे वाहता ठेवणे निराळे. परीक्षक पाहून परत जातात, नदी मात्र रोज वाहते. आणि त्या सुमारास त्रिवेणीच्या घाटावर उभे राहून कान्हेचे पाणी कोणी पाहिले असते, तर पुरस्कार देण्यापूर्वी त्याने थोडा विचार केला असता. उज्जैनकरांचे मत विचारावे असे बहुधा कोणास सुचले नाही.

पुढेही नवनवीन संघटना इंदुरास आल्या. हवामानबदलाला तोंड देणाऱ्या आशियाई नगरांचे जे जाळे रॉकफेलर प्रतिष्ठानने २००८ साली विणले, त्यात भारतातून प्रथम सुरत, गोरखपूर व इंदूर यांची निवड झाली. २०२१ साली मलजलाच्या व्यवस्थेबद्दल केंद्र सरकारने इंदुरास देशात पहिला मान दिला. कान्ह व सरस्वती या नद्यांत पडणारे हजारो लहानमोठे सांडपाण्याचे प्रवाह त्यासाठी बंद करण्यात आले. रामसर करारान्वये पाणथळ जागांची काळजी घेणाऱ्या नगरांना जी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळते, ती २०२५ साली भारतात प्रथमच दोन शहरांना लाभली: उदयपूर आणि इंदूर. गेडिस यांनी तळी राखा म्हणून सांगितले होते, त्याला तोवर शंभर वर्षे उलटून गेली होती.

आता खालच्या नगरीचे पाहू. दर बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थासाठी कोट्यवधी यात्रेकरू उज्जैनला येतात. क्षिप्रेला उन्हाळ्यात स्वतःचे पाणी थोडेच उरते. म्हणून २०१४ साली नर्मदेचे पाणी पंपांनी डोंगर चढवून क्षिप्रेच्या उगमाशी आणून सोडण्यात आले. चांगले पाणी एवढ्या खर्चाने आणायचे आणि वाटेत कान्ह त्यात मिसळायची, हे कसे चालणार? तेव्हा २०१६ च्या सिंहस्थापूर्वी कान्हेचे पाणी भूमिगत नळांतून शहराला वळसा घालून कालियादेहजवळ खाली सोडण्याची सोय करण्यात आली. ती पुरी पडली नाही. जानेवारी २०१९ मध्ये शनैश्चरी अमावास्येस भाविकांना त्रिवेणीवर चिखलपाण्यात स्नान करावे लागले व त्यावरून मोठ्या अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. २०२८ च्या सिंहस्थासाठी पुन्हा कान्ह वळविण्याचे, पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे, काम काढण्यात आले आहे.

दूरदूरच्या नगरांशी मैत्रीचे करार होऊ शकतात, पण एका नदीवरच्या दोन शेजारी नगरींचा एकत्र विचार करण्यास २०२५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मध्य प्रदेश विधानसभेने महानगर क्षेत्रांविषयी कायदा संमत केला. इंदूर, उज्जैन, देवास व धार यांचे मिळून एक क्षेत्र करण्याचा त्यामागे उद्देश आहे. त्या क्षेत्राच्या समितीत नदीचा प्रश्न कोणत्या क्रमांकावर घेतला जातो, याकडे लक्ष ठेवले पाहिजे.

आणि आणखी एक गोष्ट. वळविलेले पाणी नाहीसे होत नाही. उज्जैनच्या घाटांना चुकवून ते खाली सोडले जाते आणि तेथून पुढे महिदपूर, आलोट असे करीत चंबळेस मिळते. त्या वाटेवर दोन्ही काठांना खेडी आहेत. त्यांचा सिंहस्थ नाही, त्यांना पुरस्कार नाही आणि कोणत्याही आंतरराष्ट्रीय संघटनेत त्यांचा प्रतिनिधी बसत नाही. पण त्यांची गुरे त्याच नदीवर पाणी पितात.