कोटेशन गेलं, पण परत आलेला मेल कुठे आहे?



वेबसाइटवरून कोटेशन आपोआप मेल करायचं सेटिंग आपण व्हिडिओत पाहिलं. त्यानंतर मसाल्याचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंचा फोन आला. "सर, एवढी कोटेशन पाठवली, एकाचंही उत्तर नाही. दर कमी करू का?" म्हटलं, थांबा, आधी मला एक पाठवा. ते थेट माझ्या स्पॅममध्ये! आणि चुकीच्या पत्त्यांवरून परत आलेले मेल सर्व्हरच्याच एका पेटीत साठले होते. ती पेटी कुणीच उघडत नव्हतं.

ई-मेलला पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. आपल्या टपालासारखंच. आतल्या लेटरहेडवर दुकानाचं नाव, ते ग्राहकाला दिसतं. पाकिटावर प्रेषकाचा पत्ता, तो पोस्टमन बघतो. पत्र पोचलं नाही तर पाकिटावरच्या पत्त्यावर परत येतं. एसपीएफ तपासणीही पाकिटावरच्या डोमेनचीच होते. ताईंच्या पाकिटावर दुकानाचं डोमेन नव्हतंच. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' आणि पुढे सर्व्हरचं नाव! उबुंटूवर वेबसाइट ज्या युजरच्या नावाने चालते, तोच हा.

तुमचा स्वतःचा सर्व्हर असेल आणि त्यावर पोस्टफिक्स असेल, तर हा पत्ता बाहेर पडण्याआधी बदलता येतो. (मेल गुगल वर्कस्पेसमधूनच जात असेल तर यात पडू नका.) मेन.सीएफ फाइलमध्ये 'सेंडर कॅनॉनिकल मॅप्स' लावायचं. त्याच्या यादीत डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे तुमचा ऑर्डरचा पत्ता. मग पोस्टमॅप चालवून पोस्टफिक्स रीलोड. लेटरहेड आधीच बरोबर असेल तर 'सेंडर कॅनॉनिकल क्लासेस'मध्ये फक्त एन्व्हलप सेंडर ठेवा, म्हणजे आतल्या पत्त्याला हात लागणार नाही.

'एसएमटीपी जेनेरिक मॅप्स' हीसुद्धा एक सोय आहे, पण इथे मी ती वापरणार नाही. ती पत्ता अगदी दारातून बाहेर पडताना बदलते, रांगेत जुनाच राहतो. समोरच्या सर्व्हरने दारातच नकार दिला, तर परतीचा निरोप पुन्हा त्याच बंद पेटीत!

नवा पत्ता तुमच्याच डोमेनचा हवा आणि तो रोज कुणीतरी उघडणारा हवा. जीमेलचा पत्ता पाकिटावर टाकलात तर फसाल, कारण जीमेलच्या एसपीएफ नोंदीत तुमचा सर्व्हर नाही. स्वतःच्या डोमेनच्या नोंदीत मात्र सर्व्हरचा आयपी घालायला विसरू नका. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून गुगल एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं. रोज 5000 च्या वर मेल असतील तर दोन्ही, शिवाय डीमार्क.

झालं की स्वतःच्या जीमेलवर एक कोटेशन पाठवा. तीन टिंबांच्या मेनूतलं 'शो ओरिजिनल' उघडा. 'रिटर्न-पाथ'समोर तुमचा ऑर्डरचा पत्ता आणि एसपीएफसमोर 'पास' दिसायला हवं. मग मुद्दाम एका खोट्या पत्त्यावर पाठवा आणि परतीचा मेल तुमच्या पेटीत येतो का ते बघा. ताईंनी दर कमी करायच्या आधी हेच केलं.